कॅथलिक हायस्कूल कसं तपासायचं, आतून बघितलेल्या बाईचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा ना, की मुलगी आठवीत आहे, घराजवळचं पब्लिक, म्हणजे सरकारी, हायस्कूल वाईट नाही पण तीन हजारावर मुलं, आणि वीस मिनिटांवर एक कॅथलिक हायस्कूल आहे, वर्षाला १८,५०० डॉलर, ओपन हाऊसला जाऊन आलात आणि नवराबायको दोघंही भारावून गेलात, पण आपण हिंदू, घरी गणपती बसतो, तर तिचं तिथे कसं होईल आणि मुळात शाळा खरंच चांगली आहे की नुसती चकाचक हे ओळखायचं कसं. मी अमेरिकेत अशाच एका शाळेत १७ वर्षं गणित शिकवलं, त्यातली सहा वर्षं ॲडमिशन कमिटीवर होते, आणि दुसऱ्या कॅथलिक शाळा तपासायला ॲक्रेडिटेशनच्या (शाळेचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या) टीमबरोबर तीनदा जाऊन आले. तेव्हा लांबलं तर सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी ते ओपन हाऊस डोक्यातून काढा. ओपन हाऊस म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. तुम्हाला फिरवून आणणारी ती गोड बोलणारी सिनियर, म्हणजे बारावीची, मुलगी आम्हीच निवडलेली असते, लॅबमध्ये त्या दिवशी धूर निघणारा प्रयोग मुद्दाम ठेवलेला असतो, आणि जो शिक्षक मुलांना नकोसा आहे त्याला पार्किंगची ड्यूटी देतात (मी स्वतः दिलीये). शाळा खोटं बोलते असं नाही, पण ती तिची सगळ्यात यशस्वी वीस मुलं दाखवते आणि तुमची मुलगी त्या वीसमध्ये असेल की नाही हे आज कुणालाच माहीत नाही. तुम्हाला शोधायचंय ते मधल्या मुलाचं काय होतं, आणि जे सोडून गेले ते का गेले. माझं पुढचं सगळं ह्याच एका गोष्टीभोवती आहे.

शाळा कुणाची आहे हे आधी विचारा. लोकांना वाटतं कॅथलिक म्हणजे सगळ्या शाळा वरून एकाच ऑफिसातून चालतात, तसं अजिबात नाहीये. काही डायोसीसच्या असतात म्हणजे थेट बिशपच्या हाताखाली, काही एखाद्या पॅरिशच्या म्हणजे एका स्थानिक चर्चच्या, आणि काही जेझुइट, डॉमिनिकन, ख्रिश्चन ब्रदर्स, सिस्टर्स ऑफ मर्सी अशा संघांनी काढलेल्या, ज्यांचं स्वतःचं बोर्ड असतं, आणि ‘प्रायव्हेट कॅथलिक’ म्हणतात त्या बहुधा ह्याच. फरक काय पडतो? २०१९ मध्ये इंडियानापोलिसला आर्चबिशपनी दोन शाळांना सांगितलं की समलिंगी विवाह केलेल्या शिक्षकाला काढा. कॅथीड्रल हायस्कूलनी काढलं. ब्रेबफ ही जेझुइट शाळा, तिनी नाही म्हटलं, मग आर्चडायोसीसनी तिची कॅथलिक म्हणून मान्यताच काढली, प्रकरण व्हॅटिकनपर्यंत गेलं आणि तिथून त्या आदेशाला तात्पुरती स्थगिती मिळाली. एकच गाव, एकच बिशप, आणि दोन शाळांचं वागणं दोन टोकाचं. तुमचं मत कुठल्याही बाजूचं असो, उद्या असा पेच आला तर तुमच्या शाळेत शेवटचा शब्द कुणाचा हे १८,५०० भरायच्या आधी माहीत हवं.

ह्यालाच जोडून पैशाची तब्येत. साठच्या दशकात ह्या देशात कॅथलिक शाळांमध्ये ५० लाखांवर मुलं होती, आता साधारण १७ लाख आहेत, आणि २०२० ह्या कोविडच्या एकट्या वर्षात २०० च्या आसपास शाळा बंद पडल्या. त्यात बऱ्याच डायोसीस जुन्या अत्याचारांच्या दाव्यांमुळे दिवाळखोरीत गेल्यात, बॉल्टिमोर, ओकलंड, सॅन फ्रान्सिस्को ह्या तिन्ही २०२३ मधल्या. शाळा कायद्याने वेगळी संस्था असेल तर तिला सहसा थेट झळ बसत नाही, पण आहे का वेगळी, हे विचारायला लाजू नका. आणखी एक गोम सांगते. आपल्यातले बरेच जण हुशारी करून नॉन-प्रॉफिटचा फॉर्म ९९० (सरकारला द्यायचं जमाखर्चाचं पत्रक) ऑनलाईन शोधायला जातात आणि सापडला नाही की घाबरतात, तर चर्चशी जोडलेल्या शाळांना तो भरायची सक्ती नसते, त्यामुळे न सापडणं हा काही डाग नाही. त्याऐवजी ॲन्युअल रिपोर्ट मागा, आणि सरळ विचारा की गेल्या पाच वर्षांत दरवर्षी नववीत किती मुलं आली. हा आकडा १९०, १८४, १७१, १६०, १४८ असा उतरत असेल तर नव्या जिमचं उद्घाटन कितीही झोकात होवो, पुढे शिक्षक कमी होणार आणि इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) बंद पडणार हे नक्की.

आता कागद. ब्रोशर नको, ‘स्कूल प्रोफाइल’ मागा. काउन्सेलर कॉलेजांना प्रत्येक ॲप्लिकेशनबरोबर दोन-चार पानांचा एक कागद पाठवतो, त्यात सिनियर क्लास किती मुलांचा, जीपीए (मार्कांची सरासरी) कसे पसरलेत, एपी (कॉलेजच्या पातळीचे कोर्स) किती, मुलं कुठल्या कॉलेजांत गेली हे सगळं असतं, आणि तो कॉलेजांसाठी असल्यामुळे त्यात थापा मारता येत नाहीत. बऱ्याच शाळांच्या साईटवर काउन्सेलिंगच्या पानात तो कुठेतरी खाली पडलेला असतो. तो उघडा आणि सिनियर क्लासचा आकडा बघा, मग तीच बॅच नववीत आली तेव्हा किती होती ते विचारा. समजा १८२ आले आणि १४७ बाहेर पडले. पस्तीस मुलं कुठे गेली? काहींचे आईबाप बदली होऊन गेले असतील, काहींना फी झेपली नसेल, काहींना ‘ही शाळा तुमच्या मुलासाठी योग्य नाही’ असं गोड शब्दांत सांगितलं असेल. ॲडमिशन डायरेक्टर ह्यावर काय उत्तर देतो ते नीट ऐका, कारण चांगल्या शाळेत त्याला आकडा पाठ असतो आणि कारणं पण, आणि वाईट शाळेत तो म्हणतो आमचं कुटुंबच आहे हो, कुणी सोडून जातच नाही.

१०० टक्के मुलं कॉलेजला गेली ह्या वाक्याला काडीचीही किंमत देऊ नका. ज्या शाळेत प्रवेश परीक्षा घेऊन, फी परवडणाऱ्यांचीच मुलं येतात, तिथे शंभर टक्के ही सुरुवातच आहे. तसंच ते ‘आमच्या सिनियर्सना २ कोटी ८० लाख डॉलरच्या स्कॉलरशिप मिळाल्या’ असं झळकवतात ना, ते कसं बनतं सांगते: एका मुलीनी आठ कॉलेजांना अर्ज केला, सहांनी घेतलं, प्रत्येकानी वर्षाला २०,००० ची सूट देऊ केली, ती चार वर्षांनी गुणली, म्हणजे एकाच मुलीचे ४ लाख ८० हजार यादीत गेले, आणि ती शेवटी गेली स्टेट युनिव्हर्सिटीत जिथे एक छदाम मिळाला नाही. मी स्वतः मे महिन्यात ह्या बेरजा करायला बसलेली आहे, म्हणून सांगतेय. ॲक्सेप्टन्सची यादी नको, मुलं प्रत्यक्ष कुठे गेली त्याची तीन वर्षांची यादी मागा, आकड्यांसकट, आणि त्यात पहिल्या दहा जणांना सोडून मधले साठ-सत्तर कुठे गेले ते बघा.

एपीचंही तेच. २४ एपी कोर्स आहेत म्हणजे काय, त्यातले दरवर्षी खरंच किती भरतात? किती मुलांनी परीक्षा दिली आणि त्यातल्या किती जणांना पाचपैकी ३ किंवा वर मिळाले, हे विषयवार मागा. दहा मुलांचा एपी फिजिक्स सी चा वर्ग असेल आणि आठांना ४-५ असतील तर तिथे एक चांगला शिक्षक आहे. तो पुढची चार वर्षं टिकणार आहे का हेही विचारा, कारण ह्या शाळांत पगार पब्लिकपेक्षा बहुतेक ठिकाणी कमी असतात आणि चांगला फिजिक्सवाला तीन वर्षांत डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे पब्लिक शाळेत, पळतो. गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले, हा प्रश्न माझ्या सतरा वर्षांत ॲडमिशन मुलाखतीत मला फक्त दोन पालकांनी विचारला.

गणिताबद्दल जरा जास्त लिहिते, कारण आपल्या लोकांची पोरं इथेच अडकतात. पब्लिक मिडल स्कूलमध्ये तुमची मुलगी आत्ता जॉमेट्री करत असेल, तर कॅथलिक हायस्कूल ते धरेलच असं नाही (इथला क्रम अल्जेब्रा वन, जॉमेट्री, अल्जेब्रा टू असा). बहुतेक ठिकाणी मुलं पॅरिशच्या छोट्या के-८ (बालवाडी ते आठवी) शाळांमधून येतात जिथे आठवीत कसंबसं अल्जेब्रा वन होतं, त्यामुळे सगळी रांग त्या हिशोबानी लावलेली असते. आमच्याकडे एक मुलगा आला होता, अल्जेब्रा टू ला बसायला हवा असा, प्लेसमेंट टेस्ट त्यानी सर्दीतापात दिली, दोन मार्कांनी खाली आला आणि परत जॉमेट्रीत बसवला. मी भांडले, उपयोग झाला नाही, कारण अल्जेब्रा टू ऑनर्सचा नववीच्या वेळापत्रकात बसणारा पिरियडच नव्हता, ते खरं कारण होतं आणि ते आईबापांना कुणी सांगितलं नाही. वर्षभर पोरगं मागच्या बाकावर रुबिक क्यूब सोडवत बसायचं. म्हणून लेखी विचारा: माझी मुलगी नववीत ह्या कोर्सला बसली तर बारावीत काय घेईल? उत्तर एपी कॅल्क्युलस बीसी अकरावीत संपतं आणि पुढे काही नाही असं असेल, तर कम्युनिटी कॉलेजचा ड्यूअल एन्रोलमेंट (हायस्कूलमध्ये असतानाच तिथले कोर्स करणं) चालतो का, त्याचे क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर येतात का, ते आत्ताच पक्कं करून घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न, धर्माचा. घाबरण्यासारखं काही नाही, पण ‘नावापुरतं असतं हो’ असं जे ओळखीचे सांगतात ते बरोबर नाही. ह्या देशातल्या कॅथलिक शाळांमध्ये पाचातलं एक मूल कॅथलिक नसतं, त्यामुळे तुमची मुलगी काही पहिली नसेल, तरी थिऑलॉजी (धर्मशास्त्र) बहुतेक शाळांत चारही वर्षं सक्तीची असते आणि तिचे मार्क जीपीएत धरतात. नववीला बायबल, मग येशू, चर्च, सॅक्रमेंट्स (चर्चचे संस्कार), नीतिशास्त्र असं साधारण चालतं, आणि अकरावी-बारावीला जगातले धर्म हा विषय असेल तर त्याचं पुस्तक बघायला मागा, हिंदू धर्माचं प्रकरण कसं लिहिलंय त्यावरून शाळेचा सूर कळतो. आमच्या शाळेतल्या एका फादरनी ते प्रकरण शिकवायच्या आधी तीन हिंदू मुलांना बोलावून विचारलं होतं की मी काही चुकीचं सांगतोय का, आणि दुसऱ्या एका शाळेत मी टीमबरोबर गेले तेव्हा तोच विषय वर्कशीटवर ‘देवांची संख्या सांगा’ एवढ्यावर आटोपलेला होता.

मासला, म्हणजे चर्चच्या सामुदायिक प्रार्थनेला, सगळ्या शाळेबरोबर बसावं लागतं, वर्षाला किती वेळा ते शाळेनुसार बदलतं. बसायचं, उभं राहायचं, पण कम्युनियन (फादर देतात ती पवित्र भाकरी) घ्यायचं नाही, ते फक्त कॅथलिकांसाठी असतं. हे मुलीला आधी सांगून ठेवा, अगदी नक्की. आमच्याकडे आपलाच एक नववीतला मुलगा रांगेतून सगळ्यांबरोबर पुढे गेला, फादरनी हातावर होस्ट (तीच पवित्र भाकरी) ठेवला, आता आपल्याकडे प्रसाद नाही म्हणायचा नसतो हे त्याच्या हाडात भिनलेलं, त्यानी घेतला, पण खायचा का नाही कळेना म्हणून मुठीत धरून परत जागेवर येऊन बसला. मी मागच्या बाकावर. त्यांच्यासाठी तो साक्षात देव आहे, खिशात गेला असता तर केवढं तरी झालं असतं, मी त्याला हळूच उठवलं आणि तसाच मूठ मिटलेला फादरकडे नेला. फादर हसले, म्हणाले चूक त्याची नाही, आपली आहे, आपण सांगितलंच नाही. रांगेत जायचंच असेल तर छातीवर दोन्ही हात आडवे ठेवायचे, मग नुसता आशीर्वाद देतात, नाहीतर जागेवर बसून राहिलं तरी चालतं. ॲडमिशनवाल्यांना विचारा की नॉन-कॅथलिक मुलांना हे सगळं कोण समजावतं आणि कधी. उत्तर पटकन आलं तर समजायचं की त्यांनी तुमच्यासारख्यांचा विचार केलाय.

रिट्रीट, म्हणजे चिंतनाची शिबिरं, पण असतात. अकरावी-बारावीत कायरोस नावाचा तीन-चार दिवसांचा मुक्कामी रिट्रीट बऱ्याच शाळांत असतो, मुलं त्याबद्दल घरी फारसं सांगत नाहीत, रडूनबिडून येतात आणि जन्मभर आठवण काढतात. मला विचाराल तर ह्या शाळांमधली सगळ्यात चांगली गोष्ट तीच, पण तुमच्या मुलीला असं मन उघडं करणं जमत नसेल तर सक्ती आहे का ते बघून घ्या. सर्व्हिस अवर्सचं (समाजसेवेचे ठरवून दिलेले तास) कौतुक मला कमी आहे, अर्धी मुलं शेवटच्या महिन्यात सह्या गोळा करत फिरतात.

पेरेंट-स्टुडंट हँडबुक मिळवा आणि रात्री बसून पूर्ण वाचा, नवऱ्यालाही वाचायला लावा. तुमचा आणि शाळेचा खरा करार तोच. पब्लिक शाळेत सरकार असल्यामुळे मुलांना घटनेचे काही हक्क असतात, काढून टाकायच्या आधी सुनावणी वगैरे, प्रायव्हेटमध्ये त्यातलं काही आपोआप लागू होत नाही, हँडबुक म्हणेल ते. घराबाहेर सोशल मीडियावर काय टाकलं, मित्राच्या पार्टीत काय झालं, ह्यावरही कारवाई करता येते असं बहुतेक हँडबुकांत लिहिलेलं असतं. एन्रोलमेंट काँट्रॅक्टही तसाच वाचा, कारण ठराविक तारखेनंतर मूल काढलं तरी पूर्ण वर्षाची फी द्यावी लागते असं कलम असतं.

मुलीला एडीएचडी, डिस्लेक्सिया असं काही असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. पब्लिक शाळेतला आयईपी (अशा मुलासाठी खास आखलेला शिक्षणाचा आराखडा) ह्या दारातून आत येत नाही. तुम्ही आपणहून प्रायव्हेटमध्ये घातलंत की मुलाला तेवढ्या सेवांचा वैयक्तिक हक्क राहत नाही, डिस्ट्रिक्ट फार तर एक सर्व्हिस प्लॅन देतं आणि त्यात काय असेल ते त्यांच्या हातात. अपंगत्वाच्या कायद्यातूनही धार्मिक संस्थांना सूट आहे. काही शाळांत लर्निंग सेंटर उत्तम असतं, काहींत एक बिचारी बाई दीडशे मुलांना बघते. ‘आम्ही सगळ्यांना सामावून घेतो’ असं कुणी म्हटलं की विचारा, त्या सेंटरमध्ये माणसं किती आणि त्याची वेगळी फी आहे का.

मुलांच्या सुरक्षेबद्दल लोक संकोचानं विचारत नाहीत. विचारा. २००२ साली अमेरिकेतल्या बिशपांनी डॅलसला मुलांच्या संरक्षणाची सनद केली, तेव्हापासून मुलांबरोबर काम करणाऱ्यांची, व्हॉलंटियर पालकांचीसुद्धा, बॅकग्राउंड तपासणी आणि प्रशिक्षण होतं. हे चोख असलेल्या शाळेत रिसेप्शनलाच तुमचं आयडी मागतात, कुठेही तसंच फिरू देत नाहीत.

पैशाचं पटकन. १८,५०० हा आकडा सुरुवातीचा धरा, त्यावर रजिस्ट्रेशन, पुस्तकं, आयपॅड, युनिफॉर्म, स्पोर्ट्स, रिट्रीट, ग्रॅज्युएशन फी, आणि वर्षातून एकदा लिलाव-जेवणाचा कार्यक्रम असतो त्यात हात सैल सोडावा लागतो तो वेगळा. काही शाळांत पॅरिशमधल्या कॅथलिक कुटुंबांना कमी दर असतो, तुम्हाला वरचा लागेल. फायनान्शियल एडला अर्ज कराच, ‘आपल्याला कोण देणार’ म्हणून सोडू नका, दोन मुलं असतील तर तर नक्की. ५२९ (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) मधून हायस्कूलची ट्यूशन २०१८ पासून भरता येते, आधी वर्षाला १०,००० पर्यंत होती, २०२६ पासून २०,०००, पण कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं त्यांच्या टॅक्ससाठी ते मानत नाहीत. फ्लोरिडा, ॲरिझोना, ओहायो, इंडियाना अशा राज्यांत असाल तर सरकारी व्हाउचर किंवा तत्सम पैसे मिळतात, ते शाळेच्या ऑफिसला तुमच्यापेक्षा जास्त नीट माहीत असतं.

ॲक्रेडिटेशन आहे का एवढंच विचारून थांबू नका, जवळपास सगळ्यांना असतं. प्रिन्सिपलला विचारा, व्हिजिटिंग टीमनी गेल्या वेळी कुठल्या सुधारणा सुचवल्या होत्या आणि त्यातलं काय झालं. आम्ही तीन-चार दिवस शाळेत बसून ते लिहायचो, आणि मी पैजेवर सांगते, ज्या प्रिन्सिपलनी आमचा रिपोर्ट कपाटात ठेवून दिला त्याचा चेहरा ह्या प्रश्नाला लगेच पडतो. भिंतीवर ब्लू रिबनचा (केंद्र सरकारचा शाळांसाठीचा पुरस्कार) फलक असेल तर त्यावरचं साल बघा. २००९ चा असेल तर तेव्हाचे निम्मे शिक्षक आज तिथे नसतील.

आणि मग शॅडो डे. मुलगी एक दिवस नववीच्या मुलीबरोबर वर्गांत बसते, हे कुठल्याही टूरपेक्षा बरं, शक्यतो मधल्या वारी मागा, शुक्रवारी पेप रॅलीच्या (खेळाडूंसाठीचा जल्लोष) दिवशी नको. घरी आल्यावर ‘आवडली का’ असं विचारू नका, हो किंवा नाही एवढंच येईल. विचारा की लंचला कोण एकटं बसलं होतं का, वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं तेव्हा काय झालं, बाथरूम कसं होतं, तुला घेऊन फिरणाऱ्या मुलीनी फोन किती वेळा काढला. माझ्या स्वतःच्या मुलीनी एका शाळेबद्दल एकच वाक्य सांगितलं होतं, आई तिथे टीचर आत आल्यावर सगळे एकदम गप्प होतात. आम्ही तिथे अर्ज केला नाही. त्यांचा स्कोअर आमच्या शाळेपेक्षा चांगला होता.

प्रवेश परीक्षा म्हणून तुमच्या भागात एचएसपीटी आहे की न्यूयॉर्कसारखी टॅक्स (TACHS, म्हणजे कॅथलिक हायस्कूलची त्यांची वेगळी परीक्षा) ते बघून घ्या, एचएसपीटी बऱ्याच ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत असते, २९८ प्रश्न आणि अडीच तास, वेगाचा खेळ आहे, दोन सराव पेपर घड्याळ लावून सोडवले तरी पुष्कळ फरक पडतो. डिपॉझिटची तारीख पब्लिकच्या कोर्स निवडायच्या तारखेआधी येते का ते कॅलेंडरवर शेजारी शेजारी लिहून ठेवा. आणि ते स्कूल प्रोफाइल हाती लागलं की आकडे इथे टाका, शाळेचं नाव नको, फक्त नववीचा आकडा, बारावीचा आकडा आणि एपीचे निकाल, मी बघून सांगते.